मोरीत ओतलेलं पेट्रोल

बाबा, आज सकाळी तुमची नात अंगणात तिच्या बंद स्कूटीपाशी बसली होती. ती दीड वर्ष शिकायला बाहेर होती, तेवढे दिवस गाडी कव्हरखाली उभी होती आणि शेजारी एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये दोन-अडीच लिटर पेट्रोलही तसंच राहिलं होतं. तिने झाकण उघडून वास घेतला, नाक मुरडलं आणि मला हाक मारली, "मम्मी, हे तर खराब झालं. नाली में डाल दूँ?" मी तांदूळ निवडत होते. हातातलं सूप तसंच टाकून मी एवढ्या जोरात "नको" म्हणाले की ती दचकून माझ्याकडे बघत राहिली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी जे बोलायला हवं होतं, ते आज दुपारी बालाघाटच्या या घरात बसून लिहिते आहे.

वारासिवनीतलं आपलं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मोटरसायकली, फवारणीचे पंप, मिलवाल्यांची लहान जनरेटरं, सगळं तुमच्या हाताखालून जायचं. मी कॉलेजातून आले की तुम्ही काही ना काही दाखवायचे. एकदा लामता गावच्या एका शेतकऱ्याने वर्षभर पडून राहिलेला पंप आणला होता. तुम्ही त्याच्या टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं आणि दारात उजेडाला धरलं. "हे पाह्य. नवं असलं का पाण्यावानी दिसते, नाकाले झोंबते. हे पिवळं पडलं, वार्निशावानी वास मारते. थोडंसं जुनं असलं तर नव्या पेट्रोलात मिसळून चालून जाते. पण हे इंजिनात टाकलं तर कार्बोरेटरात चिकटा धरते." मी विचारलं, "म्हणजे हे मेलं का?" तुम्ही हसलात. "इंजिनासाठी मेलं, आगीसाठी नाही मेलं. याची वाफ जमिनीवरून सरपटत जाते, दिसत नाही, आन् दूरच्या चुलीवर जाऊन पेटते. म्हणून बोळीतल्या त्या डब्याले माझ्याशिवाय कोणी हात लावाचा नाही." असं खराब पेट्रोल तुम्ही दुकान आणि घराच्या मधल्या बोळीत एका पत्र्याच्या डब्यात साठवायचे आणि तो भरला की गावाबाहेर घेऊन जायचे.

आणि मग तो दिवस. मी एकोणीस वर्षांची आहे, दुसऱ्या दिवशी गोंदियाहून मला बघायला पाहुणे येणार आहेत. मुलगा सरकारी नोकरीत, घरची माणसं शिकलेली. आईने भिंती पुसल्या आहेत, पडदे धुतले आहेत, पण बोळीतून तो वास येतोच आहे. मला लाज वाटते आहे. वासाची, दुकानाची, आणि खरं सांगायचं तर तुमच्या काळ्या नखांची. मी तुम्हाला दोनदा म्हणते, "बाबा, तो डबा हलवा ना." तुम्ही एका गाडीत गुंतलेले. "संध्याकाळी नेतो, बाई." मला धीर धरवत नाही. मी डबा उचलते, मागच्या मोरीत ओतते आणि वरून बादलीभर पाणी टाकते. मोरीचं पाणी परसातल्या उघड्या नालीतून जातं, आणि नालीच्या कडेला आईने आंघोळीचं पाणी तापवायला चूल पेटवलेली आहे. मी रिकामा डबा घेऊन वळते तोच मागे भप्प असा आवाज होतो. नालीभर आग धावते आहे आणि आईच्या लुगड्याचा काठ पेटला आहे. मी जागची हलले नाही, बाबा. दुकानातून तुम्ही धावत आलात. उजव्या हाताने पेटता काठ मुठीत चुरगाळून धरला आणि डाव्या हाताने आईवर ओलं पोतं ओढलं. आईच्या घोट्याला भाजलं, तेवढंच. तुमच्या हाताची कातडी मात्र मी बघत असताना सुटली.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आई चहा आणायला गेली, तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलं. तुम्ही माझ्या हातात डबा पाहिला होता. मला वाटलं आता रागावतील. तुम्ही हळूच विचारलं, "बाई, वाफ पेटते म्हणून मी तुले सांगतलं होतं का?" मी म्हणाले, "नाही बाबा." तुम्ही डोळे मिटले. "मग माझीच चूक. तुले कसं माहीत राहीन?" आई आल्यावर तुम्ही तिला सांगितलं की घाईघाईत पेट्रोल तुम्हीच मोरीत ओतलं. आई म्हणाली, "एवढ्या वर्षांचे मिस्त्री तुम्ही, तुमाले समजलं नाही?" तुम्ही म्हणालात, "हौ, नाही समजलं." मी खाटेच्या पायाशी उभी होते.

उजव्या हाताची दोन बोटं आखडली ती आखडलीच. कार्बोरेटरचा बारीक जेट चिमटीत धरता येईना. वर्षभराने तुम्ही हत्यारं विकली आणि एका राइस मिलच्या फाटकावर स्टुलावर बसू लागलात. गिऱ्हाइकं तिथेही यायची, इंजिनाचा आवाज ऐकवून विचारायची आणि तुम्ही बसल्या जागी बिघाड सांगायचे. पाहुण्यांनी पुढे तारीख बदलून घेतली आणि माझं लग्न त्याच घरात झालं. आई कधी भांडली की तोच विषय काढायची, आणि तुम्ही आपले मान हलवायचे. माझ्याकडे एकदाही बघायचे नाही. तेच मला जास्त लागायचं. दोन वर्षांपूर्वी आई गेली, ती तुम्हालाच दोष देत गेली.

आज मी पोरीला सगळं समजावलं. ते पेट्रोल बाटलीत काढून उजेडात दाखवलं. पार पिवळं, आंबूस झालेलं. म्हटलं, हे गाडीत घालायचं नाही आणि नालीत तर मुळीच नाही; घट्ट झाकण लाव, सावलीत, चुलीपासून लांब ठेव, आणि मिस्त्रीकडे दे, गाडीची टाकीही तोच रिकामी करेल. तिने विचारलं, "तुला हे कोणी शिकवलं?" मी म्हणाले, "माझ्या बाबांनी. अगदी नीट सांगितलं होतं." हे वाक्य पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं, आणि ऐकायला तुम्ही नव्हतात.

तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "पण नानीजी तो बोलती थी, नानाजींनीच मोरीत पेट्रोल फेकलं म्हणून त्यांचा हात जळला. एवढं माहीत होतं तर काहून फेकलं त्यांनी?"

मी तिला म्हटलं, "विसरले असतील."

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. ज्या एकीला वाचायला द्यायला हवं ती बाहेरच्या खोलीत बसली आहे, आणि मी दार लोटून घेतलं आहे.