दारावर लावलेला माझा कागद

प्लेवेन, १४ ऑक्टोबर

आज ढगाळ होतं. सकाळी गहू निवडला, एक पातेलंभर शिजवून बघितला. दुपारी माणसं येऊन गेली.

आदरणीय राडोमिरदादा, नमस्कार. कंबर आता वाकू देते का? द्राक्षं उतरवून झाली असतील.

पुढच्या महिन्यात नेव्यानाला जाऊन सहा महिने होतील. (तुमच्या बहिणीबद्दल मला लिहिता येत नाही, म्हणून गव्हाबद्दल लिहितो.) त्या दिवशी गेलेल्याच्या नावाने शिजवलेला गोड गहू नवऱ्याने सगळ्यांना वाटायचा. पण ती गेल्यापासून माझ्या हातांवरचा सोरायसिस असा फोफावला, की तुमची धाकटी बहीण स्टोयांका म्हणाली, "भावजी, गहू मी वाटते. तुमच्या हातचं कोण खाणार? सगळ्या इमारतीला लागण व्हायची!"

मी भांडत नाही, हे तुम्ही जाणता. मी इस्पितळात गेलो. तिथे आमच्यासारख्यांच्या रक्ताचा अभ्यास चालू आहे. डॉक्टर मिलेवा बाईंनी समजावलं, की जनुकं तीच राहतात, पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात, कोणी जागं राहायचं आणि कोणी झोपायचं हे ठरवणाऱ्या; आजाराबरोबर त्या रक्तात बदलतात का, ते त्या शोधताहेत. मी विचारलं, "पण हात लावल्याने लागतो का?"

"आजोबा, नाही लागत. हे कधीचंच ठाऊक आहे, त्याला तुमचं रक्त कशाला हवं?"

तरी रक्त दिलं (तिथवर जाऊन काही न देता येणं बरं दिसत नाही) आणि तेवढं वाक्य सहीशिक्क्यानिशी मागून घेतलं.

काल संध्याकाळी तो कागद इमारतीच्या दारावर लावला, नेव्यानाच्या मृत्यूच्या कागदाशेजारी. वर माझं नाव, खाली तारीख. इथेच चुकलं. आपल्याकडे दारावर मेलेल्यांचेच कागद लागतात, ते पुरते कोण वाचतं? नाव दिसलं, की फुलं आणायची.

दुपारी सगळी इमारत सम संख्येची, म्हणजे मेलेल्याला वाहायची, फुलं घेऊन वर आली. दार मीच उघडलं. खालचे गेंचो "अरे, हा तर उभा आहे!" म्हणत माझे दोन्ही हात धरून हलवत राहिले. स्टोयांका रडतच शिरली. "भावजी, असं न सांगता मरतात का!" म्हणून तिने माझ्या हातांचे मुके घेतले, खवल्यांसकट. मी पातेलं आणलं. माझ्या हाताने वाटलं, सगळ्यांनी खाल्लं, काहींनी पुन्हा मागितलं. स्टोयांका तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "साखर कमी पडली."

कागद अजूनही कुणी वाचलेला नाही.

तुमचा,
ल्यूबेन

ता.क. फुलं परत न्यायला कुणी तयार नाही. बादलीत ठेवली आहेत.

ता.क. खरं तर एवढंच विचारायचं होतं: तुमच्या आईकडून शिकून नेव्याना गव्हात लिंबाची साल घालायची, की आणखी काही? आज ती चव आली नाही. स्टोयांकाला विचारलं, तर जिंकलेलं सगळं हरेन. तुम्हीच या आणि सांगा.

आता पातेलं घासायला घेतो. तळाला एक दाणाही उरलेला नाही.