जर्मनीचे फॉर्म येथे भरून मिळतील

४ जून, सकाळी ९
आपल्या राज्य सरकारचा जर्मनीतल्या एका राज्याशी करार झाला. त्यांना नर्स, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन पाहिजेत. दुकानाबाहेर बोर्ड लावला : ‘जर्मनीचे फॉर्म येथे भरून मिळतील. फक्त अकरा मिनिटांत.’ पाथरीची जगाशी ओळख आता माझ्या ऑनलाइन सेंटरातून होणार. आपली लेक ईश्वरी नर्सच आहे. पहिला फॉर्म तिचा. आजच.

५ जून
सर्व्हर स्लो. तरी गावाचे एकवीस फॉर्म गेले. ईश्वरीचा घरचाच आहे, निवांत भरू.

९ जून
ईश्वरीच्या मार्कशीटवर ‘ईश्वरी’, आधारवर ‘इश्वरी’. अशी चूक परदेशात चालत नाही. गावातल्या धम्मपालच्या कागदांतही असाच फरक होता, पण तो ड्रायव्हर. त्याचा पाठवला.

१२ जून
तिकडं उणे दहा तापमान असतं म्हणे. ही पोरगी पाथरीच्या डिसेंबरातही शिंकते. माझा विरोध अजिबात नाही. फक्त अभ्यास चालू आहे. जेवताना महानंदा म्हणाली, “सगळ्या तालुक्याला पाठवायलाव, अन् घरच्या पोरीपुरतंच सर्व्हर डाउन हाय का?” बायकोला टेक्निकल गोष्टी समजत नाहीत.

२० जून
शेवटची तारीख. चारला लाइट गेली, साडेपाचला आली. सहाला साइट बंद. अर्ध्या तासात काय होतं? प्रयत्न करून पाहिले. ईश्वरीनं रोजच्यासारखी ताटं वाढली. समजूतदार पोरगी. जेवण छान गेलं.

२१ जून
मुदत आठ दिवस वाढवली. एकदा ठरलेली तारीख पाळायला काय होतं यांना?

२७ जून
ईश्वरी आठवडाभर फॉर्मचं नावच काढत नाही. घरात तिच्यासमोर बसायची लाज वाटते. लेक गेली तर घर खायला उठेल, हे आज स्वतःशी कबूल केलं. तरी फॉर्म उघडला. तिचा आधार नंबर टाकला.
स्क्रीनवर आलं : ‘या क्रमांकाचा अर्ज दि. ६ जून रोजी प्राप्त.’
समोरच्या बन्सीधरच्या सेंटरातून! तिला विचारलं. म्हणाली, “अप्पा, तुमाला लय जड चाललं होतं. म्हणून तिकडं भरला.”
बन्सीधरनं ‘इश्वरी’च ठेवलं. चाललं.

८ जुलै
तिची निवड झाली. पत्राची प्रिंट घ्यायला मात्र माझ्याकडे आली. कलर काढून दिली. तिनं एकच मागितली होती, दोन निघाल्या. मशीन जुनी झाली आहे. दुसरी ड्रॉवरमध्ये ठेवली.