लाभ, दोन, तीन

२६ एप्रिल, शनिवार

आलो एकदाचे लालबागला! सहावा मजला, दोन खोल्या आणि हॉल, खिडकीतून वारा असा की कालची सगळी दमणूक विसरले. आठ वर्षं बोरिवलीहून दादरला येऊन लोकांचे दात तपासले, आता क्लिनिक वीस मिनिटांवर. इतकी खूश आहे की अनिमेष पंख्यांचे स्क्रू बोरिवलीलाच विसरून आला तरी मी त्याच्यावर ओरडले नाही.

घरात आम्ही चौघं. अनिमेष, मी आणि मुलं दोन. क्षितिजा दहा वर्षांची, घरादाराला शिस्त लावणारी. गंधार सहाचा, कुणाचंच न ऐकणारा. त्याचा वरचा पुढचा दात परवाच पडला, त्यामुळे हसला की खिडकी उघडी राहिल्यासारखा दिसतो.

खोकी उघडायच्या आधी अनिमेषने फ्रिजवर तक्ता चिकटवला. ‘मे महिना: मोबाईल बंद, मैदान चालू.’ खाली आम्हा चौघांची नावं. दर सुट्टीला सहल आणि शेवटी कर्जतला नदीकाठी कॅम्प. त्यासाठी चार माणसांचा तंबूसुद्धा आणलाय. आपण बरोब्बर मापात बसतो, म्हणाला. मोबाईलबंदी मलाही लागू आहे, म्हणून औषध कंपनीच्या माणसाने फुकट दिलेल्या या डायरीत लिहितेय.

संध्याकाळी समोरच्या शेवंतीमावशी आल्या. इथे चाळ होती तेव्हापासूनच्या. घोडपदेवला एका धान्याच्या दुकानात त्यांनी तीस वर्षं मापं ओतली. नव्या घरात आधी तांदूळ यायला हवेत म्हणून आमचा डबा त्यांनी स्वतःच्या पितळी मापट्याने भरून दिला. लाभ, दोन, तीन. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, म्हणजे बरकत येते. मुलांना ते इतकं आवडलं की जेवताना पोळ्याही तशाच मोजल्या.

२८ एप्रिल, सोमवार

गच्चीवर तंबूची रंगीत तालीम. सकाळी आठलाच, कारण दहानंतर तिथे पाय ठेवता येत नाही. अनिमेष पाच मिनिटं होता, मग ‘एकच कॉल’ म्हणून खाली गेला तो गेलाच. उरल्या काठ्या, दोऱ्या, न कळणाऱ्या सूचनांचा कागद आणि मी. एका हाताने तंबू धरायचा आणि दुसऱ्या हाताने टाकीवर चढणाऱ्या गंधारला धमकावायचं. क्षितिजा त्याला उतरवायला गेली आणि तीही वरच रमली.

हाका मारून मारून घसा बसला. शेवटी वैतागून मावशींच्या सुरात ओरडले, ‘लाभ, दोन!’ दोघं धावत येऊन रांगेत उभी. क्षितिजा लाभ, गंधार दोन. इतक्या वर्षांत जे रागावून, लाडावून, फटके देऊनही जमलं नाही ते एका शब्दाने जमलं. आता हेच चालू ठेवायचं.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. तक्त्यावर लिहिलंय, ‘वडाळा, मिठागरापाशी फ्लेमिंगो, सगळे मिळून’. सगळे मिळून म्हणजे मी आणि मुलं. अनिमेषच्या परदेशातल्या साहेबांना महाराष्ट्र दिन नसतो म्हणे.

ऊन रणरणत होतं. फ्लेमिंगो इतके लांब होते की त्या गुलाबी पिशव्याच आहेत असं गंधारने जाहीर केलं. क्षितिजाला बूट चावला. अकराच्या आत पाणी संपलं. तक्ता करणारा घरी पंख्याखाली बसलाय हे आठवून माझं डोकं आणखीच तापलं. निघायच्या वेळी दोघं दिसेनात. जुन्या मिठागराच्या बांधावर उभी राहून मी ओरडले, ‘लाभ, दोन!’ दोघं पळत आली, माझ्या पुढ्यात उभी राहिली. आणि माझ्या मागून कुणीतरी, हळू, ‘तीन’ म्हणालं.

वळून पाहिलं तर कोरडा, पांढरा पडलेला चिखल. गंधारचाच काहीतरी चावटपणा. गाडीत दोघांनाही झापलं. घरी पोचल्यावर पाहिलं तर गाडीतल्या मागच्या मॅटवर मिठाची पांढरी पावलं उमटलेली, अनवाणी. बूट काढू नका म्हणून किती सांगितलं होतं! झटकता झटकता कंबर गेली.

४ मे, रविवार

राणीची बाग. तिन्ही मुलांना सांभाळायचं म्हणजे शिक्षा आहे. तीन टोप्या, तीन बाटल्या, तिघांचे तीन हट्ट. क्षितिजाला वाघ हवा, गंधारला पेंग्विन, आणि लाभला सावलीत उभंच राहायचं नसतं. अनिमेष या वेळी आला होता, पण कानात फोन खुपसून. मान हलवत होता ती माझ्या बोलण्याला की साहेबांच्या, देव जाणे.

पेंग्विनपाशी गर्दीत मोजलं. लाभ, दोन, तीन. सगळे हजर. परतताना मागच्या सीटवर जागेवरून भांडणं, गंधारला दारापाशी चेपलं म्हणून रडारड. ‘मैदान चालू’ लिहिणाऱ्याने एकदा ही भांडणं मिटवून दाखवावीत.

६ मे, मंगळवार

गंधारचा दात नक्की कधी पडला ते बघायला पहिलं पान उघडलं. माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘मुलं दोन.’

दोन. मग लाभ कोण?

तीनदा वाचलं. हॉलमध्ये गेले. तिघं कॅरम खेळत होती. तिसरा गंधारएवढाच, गंधारच्याच जुन्या शर्टात. मी त्याला तोंड उघडायला सांगितलं, दातांच्या डॉक्टरला दुसरं काय सुचणार? वीसच्या वीस दुधाचे दात, मिठाच्या खड्यांसारखे पांढरे, एकही न हलणारा.

अनिमेषला विचारलं तर म्हणाला, तू दमली आहेस, तिन्ही बाळंतपणं तुझीच झाली ना? भिंतीवरच्या फोटोतही तिघं आहेत. बदललं नाही ते फक्त या डायरीतलं.

७ मे, बुधवार

शेवंतीमावशींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, थांबल्या. ‘अगो बाय माझे, धान्याक लाभ म्हणतत गो, माणसांक नाय!’ लाभ म्हटलं की काहीतरी पदरात पडतं, पण ते कुठून आलं हे दुकानात कुणी विचारत नाही. त्यांनी मापटं काठोकाठ भरलं आणि वर मूठभर तांदूळ घातले. कडेचे खाली सांडले. ‘वर एक घातलंस तर कडेचा एक सांडतला,’ म्हणाल्या. मग विचारलं, रांगेत शेवटी कोण उभा राहतो?

गंधार. नेहमी गंधारच.

उपाय आहे. चुकून आलेलं माप परत करायचं असलं की ‘एक’पासून मोजायचं. मुलांना दाराबाहेर उभं करायचं, डोक्याला हात लावून एकेकाला आत घ्यायचं, आपली दोन तर दोनच, आणि दार लावायचं. बाहेर राहील ते परत जातं. फक्त कुणाच्याही तोंडून ‘लाभ’ निघता कामा नये. मी म्हटलं, एवढंच ना? मावशी सांडलेले तांदूळ वेचू लागल्या.

८ मे, गुरुवार

एवढंच म्हणे! तीनदा प्रयत्न केला. मी ‘ए’ म्हणेपर्यंत क्षितिजा ‘लाभ!’ म्हणून किंचाळते आणि बाकीचे दोघं ‘दोन! तीन!’ रागावले तर त्यांना आणखी चेव येतो. ऑफिसला निघताना अनिमेषनेही हौसेने तेच केलं. हा खेळ मीच शिकवला, दोष कुणाला देऊ? अनिमेषला सगळं सांगायला बसले, तर घड्याळ बघत म्हणाला, शनिवारी निवांत बोलू.

आता रांगेत पहिला तोच उभा राहतो. क्षितिजा दोन. गंधार तीन.

१० मे, शनिवार

गिरगाव चौपाटी, सकाळी सहाला. वाळूचा किल्ला वगैरे झाला. अनिमेषने मुलांना गाडीत बसवलं, ‘झाले सगळे’ म्हणाला आणि गाडी सुरू केली. गंधार पाण्याजवळ होता. हातात बादली. एकटा. मी दार उघडून धावत सुटले. त्याला घेऊन परत आले तेव्हा अनिमेष त्याच्याकडे बघतच राहिला, हा कुणाचा मुलगा असं विचारणार असल्यासारखा. मग हसला. अरे हो, गंधार, म्हणाला.

फ्रिजवरच्या तक्त्यात गंधारचं नाव नाही. खोडलेलं नाही. मुळातच नाही.

११ मे, रविवार

कर्जत रद्द, रजा मिळाली नाही. म्हणून गच्चीवर कॅम्प, तोही दुपारी चारला. तंबूत अनिमेष, क्षितिजा, तो, आणि माझी जागा. गंधार बाहेर. हाकही मारत नव्हता, एकेक पाय उचलत चटके चुकवत उभा होता. मी त्याला जवळ घेतलं, ओढणीने कमरेशी बांधलं. आतून अनिमेषने विचारलं, उन्हात एकटी काय करतेस?

एकटी!

माझं पोर मी देणार नाही. उद्या — काहीही करून उद्या.

तळहातावर पेनाने लिहून ठेवलंय. गंधार.

१२ मे, सोमवार

सुचलं! पेप्सीकोला. बर्फाच्या नळ्या तिघांच्या तोंडात, मग कोण कसं ओरडेल? अनिमेष ऑफिसला गेला. तिघं दाराबाहेर रांगेत, त्याला मुद्दाम शेवटी उभं केलं. त्याच्याकडे पाहिलं की माझ्याच जिभेवर ‘लाभ’ येतं, म्हणून डोळे घट्ट मिटले. डोक्याला हात लावला. एक. आत ओढलं. दोन. आत ओढलं. दार लावलं, कडी घातली. जमलं!

रडूच आलं — डोळे उघडले —

पहिला तोच उभा राहतो ना हल्ली. पहिला तोच —

दार उघडलं. पॅसेजमध्ये वितळलेली नळी. कुणी नाही.

मी डोळे का — निदान त्याच्या पावलांकडे तरी —

१३ मे, मंगळवार

गच्ची. टाकी. जिने. वडाळा, तो बांध — ‘एक’ म्हणून ओरडले, ‘तीन’ म्हणून ओरडले — काही नाही. मावशी नुसत्या रडतात. अनिमेष म्हणतो डॉक्टरकडे जाऊ. भिंतीवरच्या फोटोत दोघंच —

विसरायचं नाही. गंधार. सहा वर्षं. वरचा पुढचा दात — डावा की उजवा? मी डॉक्टर आहे, मला माहीत असायला —

हातावरचं पुसट होतंय. गं —

१४ मे, बुधवार

सकाळी लाभचा पहिला दात पडला, वरचा पुढचा! हसला की खिडकी उघडी राहिल्यासारखा दिसतो. घरात आम्ही चौघं, तंबू चार माणसांचा, कर्जतचंही नक्की झालं. उगाच इतके दिवस चिडचिड केली. मुलांच्या दोन्ही बाटल्या भरल्या.

तळहातावर निळा डाग आहे, साबणाने जात नाही. मागची पानं चाळली तर कुणा गंधारबद्दल — अक्षर माझंच — कोण हा —

दार वाजतंय. बेल नाही. खालच्या बाजूला, लहान हाताने. अनिमेष म्हणतो, आपले सगळे आत आहेत, मोज हवं तर. मोजलं.

लाभ. दोन.

आणि दाराबाहेरून कुणीतरी, हळू, ‘ती—