सुमनचं विसरणं, सोळा आण्यांत

४ जानेवारी, रविवार

आज पुन्हा दूध उतू गेलं. सुमन ओट्यापासून दोन हातांवर, पाठमोरी, वाटाणे सोलत बसलेली. मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो तेव्हा उठली. काल मीटरवाला परत गेला, त्यावरही मलाच म्हणते, "मीटरवाला येणार हे तुम्ही मले सांगतलंच नाही." शुक्रवारी जेवताना सांगितलं होतं. मी सांगितलेलं मी विसरत नाही. तिच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी पोटच्या पोरांना विचारायची, तुम्ही कोणाचे.

संध्याकाळी बागेत भोयरला सांगून टाकलं. इथल्या, रायपूरच्या उरला भागातल्या मिलमधला जुना जोडीदार. त्याला सांगितलं की हलकं वाटतं.

मुग्धा आली आहे, मुलीची मुलगी. नवा रायपूरला होस्टेलात राहून शिकते. वीस तारखेला तोंडी परीक्षा. म्हणते, आबांना समजलं तर सरांनाही समजेल. आठवी नापास माणूस बरा सापडला तिला.

कागदावर गोल काढले. पाऊस, डास, मलेरिया, डेंग्यू, ताप. गोलातून गोलात बाण. नाव बेशियन नेटवर्क. कशामुळे काय होतं त्याचा नकाशा, आणि गोलात आपला भरवसा किती तो आकडा. मी बाण तापाकडून मलेरियाकडे काढला. हसली.

"उल्टा है आबा. बुखार से मलेरिया होता है क्या?"

"पण डाक्टरले पहिले तापच दिसते ना?"

"दिखता उल्टा है, होता सीधा है. बाण होने की तरफ जाएगा."

हे डोक्यात बसलं. तिचे आकडे शून्य पॉइंटवाले, ते मला जमत नाहीत. मी आण्यांत मोजतो. सोळा आणे म्हणजे पक्कं, आठ आणे म्हणजे कसंही होईल. म्हणाली, चलेगा.

६ जाने., मंगळ.

मुग्धा गेली. डिसेंबरच्या कॅलेंडरच्या पाठीवर माझं स्वतःचं नेटवर्क काढलं. वर एक गोल, भुलण्याचा आजार. त्यातून खाली बाण. दूध, मीटरवाला, "सांगतलंच नाही". वरच्या गोलात चार आणे लिहिले. सुमनला कागद दाखवला नाही.

दुपारी भोयरीण वहिनी आल्या. दारातच हळू आवाजात, "भाऊजी, सुमनताईचं लक्ष नसते म्हणे आजकाल. सांभाळा हो." म्हणजे बाहेरच्यांनाही दिसू लागलं. त्यांचा एक गोल काढला. वर सात आणे.

बागेत भोयर. "गड्या, वहिनी भुलून राहिल्या हे काही बरं नाही." त्याचा गोल. नऊ आणे.

हिशेब चोख चालला आहे. मनाला मात्र चैन नाही.

८ जाने., गुरु.

बंगलोरहून शिरीषचा फोन. मुलगा कधी गुरुवारी फोन करत नाही.

"बाबा, आई भुलून राहिली म्हणतात. मले सांगतलं काहून नाही?"

त्यालाही कळलं. इतक्या दूरवर. म्हणजे आता शंकेला जागा कुठे? त्याचा गोल काढून तेरा आणे लिहिले. अठराला येतो म्हणाला. दोघांना घेऊन जाणार, हे घर भाड्यानं देणार. सुमनला सांगितलं. ती कणीक मळत होती, हात थांबले.

"मी नाही येत. थे पोट्टे दिवसभर आफिसात. मले बोलाले कोण आहे तिकडं? भिंती?"

मग जेवली नाही. चौबे कॉलोनीत आम्हाला इतकी वर्षं झाली की गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्या पावलावर उठतात. तिला इथून उपटायचं म्हणजे... पण आजार असेल तर मी एकटा कसा निभावणार? गॅस चालू राहिला तर?

१० जाने., शनि.

मुग्धा आली. बस मिळाली नाही, कोणाच्या तरी गाडीतून. मी कागद पुढे केला. अभिमानानं केला, खोटं कशाला लिहू. बाण सगळे सरळ, होण्याच्या दिशेनं. शाबासकीची वाट पाहत होतो.

तिनं पेन्सिल घेतली. "ये शुरू के चार आने कहाँ से आए?"

"असेच."

"असेच मतलब डर से. आपकी पहचान में कितनी दादियाँ हैं? उनमें से कितनों को ये बीमारी है?"

गल्लीतल्या मोजल्या. सोळांत एक निघेल. तिनं चार खोडून एक आणा केला. मग शिरीषच्या गोलावर बोट. मामाला कोणी सांगितलं? भोयरची मुलगी त्याच्याच सोसायटीत राहते, तिनं. तिला? तिच्या आईनं. भोयरीण वहिनींना? भोयरनं. आणि भोयरला...



पेन्सिल फिरत फिरत माझ्या नावाशी आली. आणि शिरीषच्या फोनाचा बाण पुन्हा माझ्याकडेच.

"गोल घूम गया आबा. इसमें गोल घूमना मना है. बाण जहाँ से निकला, वहाँ वापस नहीं आ सकता."

म्हणजे चार साक्षीदार नव्हतेच. एकटा मी. माझंच बोलणं बंगलोरला जाऊन, तिकडची हवा खाऊन परत आलं, आणि मी त्याला नवीन बातमी समजून आणे चढवले. तिनं तीन गोल कापले. दूध आणि मीटरवाला धरून उरले तीन आणे.

लाज वाटली, पण भीतीही उतरली. तीन आणे म्हणजे फार नाहीत.

११ जाने., रवि.

सकाळी मुग्धा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हळूच म्हणाली, "आजी, चाय में अदरक डालना." सुमन वळली नाही. जरा मोठ्यानं म्हटलं. नाही. मग समोर जाऊन म्हटलं, तर लगेच, "अदरक संपलं बाई, कालच."

मुग्धा कागद घेऊन बसली. आजाराच्या शेजारी दुसरा गोल, कान. त्यातूनही दुधाकडे, मीटरवाल्याकडे बाण. म्हणाली, आता गंमत बघा. आजार आणि कान, दोघांत एकही बाण नाही. एकमेकांशी घेणंदेणं नाही. पण दूध उतू गेलं हे एकदा दिसलं की दोघं बांधले जातात. कान खराब निघाले तर आजारावरचा संशय आपोआप उतरतो.

मला हे नवीन नाही. मिलमध्ये रोलर अडकला की मोटर जळाली का म्हणून सगळे घाबरायचे. बेअरिंग फुटलेलं सापडलं की मोटरकडे कोणी बघत नसे. तिला सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं. व्हायवात सांगणार म्हणे.

नंतर तिनं तिसरा गोल काढला आणि थांबली. त्यात लिहिलं, "आबांनी सांगितलं?"

"हे काय?"

"आजी बोलती है आपने बताया ही नहीं. आप बोलते हैं बताया. ये भी तो एक कारण हो सकता है ना."

"मी सांगतलं होतं." आवाज चढला माझा.

"ठीक है. गोल खाली रखती हूँ."

रिकामाच राहिला. संध्याकाळी तिला बसमध्ये बसवून आलो. मीटरवाल्याचं मी सांगितलं होतं. जेवताना. वांग्याची भाजी होती.

१३ जाने., मंगळ.

कानाच्या डॉक्टरकडे सुमनला नेलं. काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. दोन्ही कान कमी, डावा जास्त. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात. दूध वर येताना जो सूं आवाज होतो, तोसुद्धा.

मी म्हटलंच होतं! म्हणजे, मुग्धानं म्हटलं होतं. कान पंधरा आणे. आजार एका आण्यावर. मशीन शनिवारी मिळेल.

शिरीषला फोन लावून सगळं समजावलं. गोल, बाण, बेअरिंग.

"बाबा, तुम्ही काय सांगून राहिले मले काही समजून नाही राहिलं. मी येतोच."

येऊ दे. कागद तयार आहे.

१४ जाने., बुध. संक्रांत.

हळदीकुंकवाला यंदा पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या बायका आमच्याकडे. सकाळी सुमनची परीक्षा घेतली. कोणाकोणाला बोलावलं, मागच्या वर्षी वाण काय दिलं, त्याच्या आधी काय. धाडधाड सांगितलं. शेवटी वैतागली.

"माही परीक्षा घेऊन राहिले का? डाक्टर झाले का तुम्ही?"

बाजारात जाऊन तीळ, गूळ, पानं, फुलं आणली. पिशवी उलटी केली तर ती पाहतच राहिली.

"वाट्या कुठं आहे?"

"कोणत्या वाट्या?"

"वाणाच्या. स्टीलच्या. दोनदा सांगतलं तुमाले."

मी हसलो. मनात म्हटलं, आता कोण विसरलं? तिनं सांगितलंच नव्हतं. पण भोयरीण वहिनी ओट्यावर तिळाच्या वड्या थापत होत्या, सकाळपासून तिथेच. मान वर न करता म्हणाल्या, "सांगतलं हो भाऊजी. चपला घालताना सांगतलं. तुम्ही हव म्हणाले."

हो म्हणालो मी?

पुन्हा बाजारात. वाट्या आणल्या. बायका खूष. मी आतल्या खोलीत बसून राहिलो. वहिनींना ही गोष्ट मी सांगितलेली नाही. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली. हा बाण माझ्याकडून निघालेला नाही.

१६ जाने., शुक्र.

बागेत भोयरला कानाच्या मशीनचं सांगू लागलो. त्यानं मध्येच थांबवलं.

"अबे, हे त तू मले परवाच सांगतलं. शिट्ट्या, काचेची खोली, सगळं."

परवा? परवा संक्रांत, मी बागेत आलोच नव्हतो. "आलता की, वाट्या घेऊन जाताना. पिशवी होती हातात."

पिशवी आठवते. बाग आठवत नाही.

भोयर विचारत होता, काय झालं बे, तोंड काहून उतरलं? काही नाही म्हटलं. सांगितलं असतं तर उद्या वहिनींना, परवा बंगलोरला, आणि रविवारी शिरीषच्या तोंडून मलाच. एवढं मी शिकलो आहे.

जानेवारीचं पान फाडता येत नाही, महिना चालू आहे. नोव्हेंबरची पाठ घेतली. वर माझं नाव. आकडा लिहिला नाही.

१८ जाने., रवि.

शिरीष आला. सुमन काल बसवलेलं मशीन लावून. तो बाथरूममधून पुटपुटला तरी इकडून उत्तर. "आई, तू त रडार झाली." तासभर तिच्याशी बोलला, भाव विचारले, नातेवाईक विचारले. सगळं बरोबर.

जेवताना म्हणाला, "बाबा, आई त एकदम ठीक आहे. तुम्ही उगाच साऱ्यांले घाबरवलं. राहा इथंच, जसं तुमाले बरं वाटते."

सुमननं त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकली. माझ्याकडे पाहिलं ते इतकं आनंदानं. माझा कागद गादीखाली होता. मी वरण मागितलं.

रात्रीच्या विमानानं गेला.

२१ जाने., बुध.

राहवलं नाही. सुमनला सांगितलं. वाट्या, बाग, सगळं. कागद पुढे ठेवला. चष्मा लावून पाहिलं तिनं.

"वर नाव तुमचंच लिवलं?"

"हो."

"आणि माहं आजारपण तुम्ही गावभर केलं, तुमचं मात्र गादीखाली."

तिनं कानातलं मशीन काढून पुसलं, पुन्हा लावलं.

"मीटरवाल्याचं तुम्ही खरंच नव्हतं सांगतलं. त्या दिवशी भाजी वांग्याची नव्हती, मेथीची होती. मी बोलली नाही. तुम्ही माह्यासाठीच एवढे भेलेले होते."

म्हणजे तिला माहीत होतं. किती दिवसांपासून, विचारलं नाही.

"शिरीषले आताच नका सांगू," म्हणाली. "पहिले डाक्टर. मंग पाहू."

२४ जाने., शनि.

मुग्धा पास. बेअरिंगचं उदाहरण सरांना आवडलं म्हणे. पेढे आणले. रिकाम्या गोलाचा विषय मीच काढला. माझ्या विसरण्याचे सहा आणे लिहून दिले तिच्यासमोर.

ती हसली नाही. "ये छह कैसे?"

"वाट्याचे दोन. बागेचे दोन. मेथीचा एक."

"और एक?"

"भेव."

"वो काटो." मी खोडला. पाच. मग म्हणाली, तुमचे कानही तपासू, तीस वर्षं मिलच्या आवाजात होता. झोप, बीपी, गोळ्या, कारणं पुष्कळ. एकाच गोलावर सगळा भार टाकू नका. तिनं आणखी गोल काढले. कागद भरला. मी पेढा खाल्ला, दुसराही. सुमननं डबा उचलून नेला.

पाच आणे म्हणजे अकरा आणे माझ्या बाजूनं. हे कोणीही मोजू शकतं.

३० जाने., शुक्र.

डॉक्टरकडे बाहेर बसून लिहितो आहे. मेंदूचे डॉक्टर. माझं झालं. घड्याळ काढायला लावलं, काढलं. शब्द सांगितले, मग दुसरंच काहीतरी बोलून ते परत विचारले. तीन सांगितले. किती होते ते नक्की नाही. रक्त दिलं. फोटो सोमवारी, डोक्याचा. मग सांगतील.

मी कागद काढून डॉक्टरांना समजावू लागलो. तरुण माणूस, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "काका, यह सब ठीक है. अब मैं काकी से अकेले में पूछूँगा. आप बाहर बैठिए."

भीती वाटायला हवी होती. पण मला पटलं. बरोबर आहे हे. मी समोर असलो की ती माझ्या तोंडाकडे बघून बोलेल, माझं ऐकून तिचं वाकेल, आणि डॉक्टर एकाच माणसाचं दोनदा मोजतील. तिला दारापर्यंत सोडलं. म्हटलं, माझी दया करून काही लपवू नको. म्हणाली, "तुम्ही बसा चुपचाप."

दार बंद आहे. मध्येच तिचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. एकदा हसली. आता बराच वेळ डॉक्टर काही विचारत नाहीत, तीच बोलते आहे. खुर्ची दाराजवळ सरकवता येईल. मी ती खिडकीकडे नेली आहे.