सात डबे आणि एक काच

आई, मागच्या महिन्यात असं लक्षात आलं की एका बाईच्या काचेवर कॅन्सर होता आणि मी "नाही" असं लिहून खाली सही केली होती. हे सांगायचं तर आधी माझं काम सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. पुढे डॉक्टर झाले, पण नाडी बघणारी नव्हे. रत्नागिरीतल्या एका प्रयोगशाळेत बसते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे येतो, तो मेणात बसवून त्याचे अगदी पातळ काप काढतात, काचेवर रंगवतात आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगते की गाठ साधी आहे की कॅन्सरची, आणि कॅन्सरची असेल तर कुठवर गेली आहे. लोक विचारतात, आईला कॅन्सर झाला होता म्हणून इकडे आलात का? तुझा ताप वेगळा होता, चार दिवसांचा. मी या कामात आले असेन तर तुझ्या सुपामुळे.

शाळेत घालायच्या आधी तू मला त्या सुपावरच शिकवलंस. लांज्याच्या काजू कारखान्यात तू गर निवडायचीस, आणि सकाळी निघण्यापूर्वी घरातले मूठभर गर माझ्यापुढे सुपात ओतायचीस. अख्खे एकीकडे, पाकळ्या दुसरीकडे, तुकडे तिसरीकडे, डागी अगदी बाजूला. आकडे मी त्यांच्यावर शिकले आणि अक्षरं कारखान्याच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर. माझे ढीग लागले की तू सगळं हाताने कालवून टाकायचीस. "आता परत." दुसऱ्यांदा ढीग वेगळे पडले की मला रडू यायचं. "रडतेस काय गो? मघाशी चुकलीस की आत्ता, ते बघ आधी." एकदा मी तुझ्या ढिगाकडे चोरून बघत माझे लावले, तर तू सूपच उचलून नेलंस. ओरडली नाहीस. "माझंच बघून लावायचं तर तू कशाला बसलीस?" म्हणालीस आणि चपला घालून निघालीस. दिवसभर मला जेवण गेलं नव्हतं.

आणि ते सात डबे. मी पाचवीत असेन. सुट्टी होती म्हणून तू विसरलेला जेवणाचा डबा घेऊन कारखान्यात आले आहे. तू मुकादमापुढे उभी आहेस. आदल्या दिवशी उतरत्या उन्हात खिडकीपाशी बसून निवडलेल्या गरांत डागी गेले असतील, असं तुला घरी आल्यावर वाटलं होतं. डबे बंद होऊन रचलेही होते. प्रत्येक डब्यात निवडणारीच्या नंबराची चिठ्ठी असते, म्हणून तुझे कुठले ते कळत होतं. मुकादम म्हणतो, "अगो, एवढं कोण बघतंय? चार डागी गेले म्हणून काय गिऱ्हाईक मरतंय?" तू म्हणतेस, "चिठ्ठी माझी आहे ना." मागून कोणीतरी बोलतं, "हिच्या सोवळ्यापायी आता आमीपण डबे फोडीत बसायचे!" सगळ्या हसतात. तूही हसतेस, पण जागची हलत नाहीस. सात डबे उघडले. पाच चांगले निघाले. उरलेल्या दोहोंत मिळून ओंजळभर डागी. मला तेव्हा तुझी लाज वाटली होती.

आता माझी काच. एका संशोधनात आमची प्रयोगशाळा आहे. जुन्या काचा स्कॅन करतात आणि संगणकाचा प्रोग्रॅम ती चित्रं चाळून संशय येईल तिथे लाल वर्तुळ काढतो. नियम असा की आधी माणसाने आपल्या डोळ्यांनी पाहून उत्तर लिहायचं, मगच वर्तुळं उघडायची. काचेवरचे नंबर झाकलेले असतात. हा नियम वाचताना मला तुझं सूप आठवलं आणि मी तो काटेकोर पाळला. त्या काचेवर काखेतल्या एका लसिकागाठीचा काप होता; तशा गाठी सगळ्यांनाच असतात. स्तनाचा कॅन्सर पसरायला लागला की बहुतेक वेळा आधी तिथे जातो. मी सावकाश पाहिलं, "नाही" लिहिलं, आणि मग वर्तुळ उघडलं. कडेला, एका घडीच्या आडोशाला, पेशींचा एक पुंजका होता. नुसत्या डोळ्यांना बारीक रव्याच्या कणाएवढाही दिसला नसता. कॅन्सरच्या पेशी ओळखायचा वेगळा रंग देऊन पाहिलं, त्या पेशी तपकिरी झाल्या. शंकेला जागा उरली नाही. संशोधनाच्या प्रमुखांनी नंबर उघडला तेव्हा आठ महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टवरची सही माझीच निघाली. म्हणजे मी एकदा नव्हे, दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा मला दिसलं नाही.

मी दुरुस्त रिपोर्ट काढला, सर्जनना फोन केला. त्या म्हणाल्या, "सध्या नुसत्या गोळ्या चालू आहेत. आता आणखी उपचार द्यायचे का, ते ठरवू. बरं झालं, आताच कळलं." पेशंटबाईंना मी स्वतः सांगेन, असं मी म्हटलं.

त्या पूर्णगडच्या. मासे विकतात. समोर बसल्या आणि पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "सांगा बाय, काय ता सरळ सांगा." मी सांगितलं, की आधीच्या वेळी माझ्याकडून राहून गेलं, पुंजका तेव्हाही होता, चूक माझी आहे. त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाल्या, "आट म्हयने गेले म्हनायचे माजे."

"हो."

"आनि आता कसा काय गावला?"

"पुन्हा पाहिलं," मी म्हणाले.

"मंग तुमची नजर चांगली म्हनायची. दुसऱ्या कोनी परत उघडून बगितला नसता." उठताना त्यांनी पिशवीतून कागदात बांधलेले सुक्या कोळंबीचे सोडे काढून टेबलावर ठेवले. ते सर्जनबाईंसाठी आणले होते, मला दिले.

पुन्हा पाहिलं, हे खोटं नाही. पण पाहून मी "नाही"च लिहिलं होतं. संशोधनाच्या फॉर्मवर ते खरं तसं नोंदवलं आहे. माझ्या उत्तराखाली रेघ, पुढे प्रोग्रॅमचं उत्तर. चूक माझी म्हणायला मला जड गेलं नाही, ते तू त्या सात डब्यांशी उभी राहून शिकवलं होतंस. नजर माझी नव्हती, हे मात्र तोंडातून निघेना. पंधरा दिवसांनी त्या परत येतील. तेव्हा सांगायचं वाक्य मी तयार केलं आहे, पण पहिल्या दिवशीही माझ्याकडे वाक्य तयारच होतं.

हे कागद खणात राहतील. तुला एवढंच सांगायचं होतं की सोडे मी परत करणार होते, निदान त्या येईपर्यंत तसेच ठेवणार होते. काल ते वांग्यात घालून केले. छान झाले होते. मी दोनदा वाढून घेतले.