पडणाऱ्यांची गादी

१२ मार्च १९१६, लॉस एंजेलिस. सकाळी.
"पडणाऱ्या बंधूंनो! शिडीवरून पडतो आपण, छपरावरून पडतो आपण, आणि खाली साधी गादी नाही!" भाषणाची सुरुवात ठरली. आरशासमोर तीनदा म्हटली. स्वतःच्याच अंगावर काटा आला.
परवा विनोदी चित्रपटासाठी छपरावरून पडताना माझ्या सोबत्याचं, क्लेमेन्सचं, कंबरडं गेलं. आता त्याच्या जागी मी. दिग्दर्शक हॅगर्टीचं म्हणणं, गादी असली की माणूस निवांत पडतो, प्रेक्षक हसत नाहीत.
निश्चय: गादी आल्याशिवाय पडणार नाही.

१३ मार्च.
दोनदा पडलो. निषेध म्हणून मुद्दाम वाईट पडलो. हॅगर्टी म्हणाला, फारच छान.

१४ मार्च. दुपारी.
जेवणाच्या सुट्टीत पिंपावर उभा राहून बोललो. चाळीस जणांचे घास हातात राहिले. हॅगर्टीने खूण केली आणि कॅमेरावाला दांडा फिरवू लागला. भोळा माणूस! माझं भाषण आता शिकागोपर्यंत जाणार. आवाज चढवला. शेवटी पायाखालचं पिंप घरंगळलं आणि मी आपटलो. किरकोळ.

१५ मार्च.
चित्रपट मुका असतो, हे मलाही कळतं. पण मधे संवाद लिहिलेल्या पाट्या असतात. त्या लिहिणाऱ्या ओटिलीला भाषणाची प्रत दिली. सतरा पानं. ती म्हणाली, पाटीवर सात शब्द मावतात, कुठले ठेवू? म्हटलं, बाई, तुम्ही जाणत्या आहात.

२२ एप्रिल. संध्याकाळी.
चित्रपट लागला. पडद्यावर मी मूठ उगारतो. पाटी: "बाईसाहेब, तुमच्या कुत्र्याने माझी विजार नेली हो!" मग पिंप. थिएटर हसून कोसळलं. शेजारी क्लेमेन्स कंबर धरून हसत होता. "लूथर, लेका, हसवू नकोस, दुखतं रे."
बाहेर एका बहिऱ्या म्हाताऱ्याने हात धरला. त्याने पाटी सोडून माझे ओठ वाचले होते. अख्खं भाषण. खिशातून कागद काढून त्याने लिहिलं: "मग, मिळाली का गादी?"
मी टोपी नीट केली आणि ट्राम पकडली.

२४ एप्रिल.
हॅगर्टीला तीच मूठ, तीच पडझड हवी आहे. उद्या, छपरावरून. वाटाघाटी केल्या. दणदणीत विजय! गादी घरून आणलीत तर हरकत नाही म्हणाला.
नवीन भाषण, एकच पान:
पडणाऱ्या बंधूंनो, उद्या आठ वाजता फाटकाशी या, आणि येताना आपापल्या पलंगावरची गादी घेऊन या.