नावं वाचल्याशिवाय नमस्कार नाही

प्रिय अण्णा,

तुम्ही गेलात तेव्हा विमानं बंद होती. तुमचं शेवटचं दर्शन मी इथे ब्लॅकटाउनला, मोबाईलवर घेतलं. तेव्हापासून डायरीत एक ओळ उतरली नाही. आज मात्र लिहायलाच हवं, तुमचे आभार मानायचे राहिलेत.

आज अँझॅक डे, युद्धात गेलेल्या या देशाच्या सैनिकांचा दिवस. लॉकडाऊनमुळे स्मारकापाशी जमायचं नव्हतं, म्हणून पहाटे गल्लीतले सगळे आपापल्या ड्राइव्हवेत मेणबत्ती धरून उभे होते.

रेडिओवरचं बिगुल थांबलं आणि समोरच्या आंटी डॉट यांनी मोठ्याने एक नाव घेतलं. त्या इथल्या मूळ रहिवाशांपैकी. मोठ्या बाईला ते मानाने आंटी म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. ते नाव त्यांच्या आजोबांचं, ते या देशाच्या फौजेत लढले. शहरात मूळ रहिवासी सैनिकांचं वेगळं स्मारक आहे, ते अशांसाठीच. मग त्यांनी आणखी एक नाव घेतलं.

"हे कोण?" मी रस्त्यापलीकडून विचारलं.

"आजोबांचे आजोबा. ही जमीन स्वतंत्र राहावी म्हणून गोऱ्यांशी लढले. त्यांच्या नावाचा दगड कुठेच नाही ना, म्हणून मीच त्यांचा दगड!" आंटी हसल्या.

अण्णा, मला कोरेगावचा विजयस्तंभ आठवला! एक जानेवारीला मी घाईत हात जोडून भेळेकडे पळायचे आणि तुम्ही फ्रॉक धरून मागे ओढायचात. "नावं वाचल्याशिवाय नमस्कार नाही. ते काय देव आहेत, नुसता नमस्कार घेऊन गप्प बसायला?" शेवटी तुम्ही हळूच तुमच्या आजोबांचं नाव जोडायचात. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर गेले, परतले नाहीत, कुठल्याच दगडावर नाहीत. इतकं हळू का, अण्णा? कुणाची भीती होती?

"युअर टर्न, लव्ह," आंटी म्हणाल्या. "तुझं कोण?"

तुमचंच नाव ओठांवर आलं. पण तुम्ही पोस्टातले कारकून. सैनिकांच्या रांगेत घुसवलेलं तुम्हाला चाललं असतं? मुळीच नाही! मी पणजोबांचं नाव घेतलं, मोठ्याने. इथे, या दिवशी ते घेण्याचा मला हक्क होता का? अजून ठरत नाही. आंटींनी मात्र ते परत म्हटलं, अगदी वेडंवाकडं.

"मॉम, हू वॉज ही?" अर्णवने विचारलं. तुमच्या नातवाने पहिल्यांदाच!

मग सगळे गप्प उभे राहिले. मोबाईलवर राहून गेलेला तुमचा निरोप मी त्या शांततेत घेतला. नावं वाचायला शिकवलंत म्हणून हे झालं, अण्णा.

विमानं सुरू झाली की एक जानेवारीला अर्णवला घेऊन स्तंभापाशी येईन. आधी सगळी नावं, मग भेळ. शेवटी पणजोबा, आणि आंटींच्या आजोबांचे आजोबा. हळू नाही, अण्णा. चांगलं खणखणीत.

तुमची,
सुजाता